व्हीलचेअरच्या इकोची कॅम्पर केली : रॅम्प ठेवावा की काढावा?

व्हीलचेअर आत चढवता यावी म्हणून बदललेली मारुती इको व्हॅन मी जुनी घेतली आणि तिची आत झोपता येईल अशी कॅम्पर केली. तिच्या रॅम्पची, म्हणजे खुर्ची चढवायच्या फळीची, उजवी बिजागरी तुटली नसती, तर हा अनुभव लिहून काढण्याचा मी कंटाळाच केला असता. पावसाळा सरताना पाटणहून कोयनानगरकडे जात असताना, हेळवाकच्या अलीकडे, मागचा रॅम्प एका बाजूने सुटला आणि डिकीच्या दारावर आदळू लागला. तो दोरीने करकचून बांधून आम्ही सांगलीला परतलो आणि ज्या वर्कशॉपने मूळ मालकासाठी ही गाडी तयार करून दिली होती, तिथे फोन केला. वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला, बिजागरी सुटी मिळत नाही, पूर्ण रॅम्पच बदलावा लागेल आणि त्याला बावीस हजार रुपये पडतील, असे उत्तर मिळाले. कुपवाड एमआयडीसीतल्या एका टर्नरने तीच बिजागरी लेथवर नवी पिन आणि तिच्याभोवतीचे गनमेटलचे बुश (कडे) करून साडेआठशे रुपयांत उभी केली, वर वंगण भरायचे ग्रीस निपलही बसवून दिले, जे मुळात असायलाच हवे होते. बावीस हजार आणि साडेआठशे यांतले अंतर मला अजून पचलेले नाही, त्यामुळे पुढच्या मजकुरात कुठे कडवटपणा जाणवला तर तो तिथून आलेला आहे.

इको कशी गाडी आहे हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच, त्यामुळे इंजिन, मायलेज आणि सरकती दारे यांवर काही लिहीत नाही. माझ्या गाडीत वेगळे आहे ते मागच्या बाजूला. तिथली मधली जमीन कापून खाली नेलेली आहे, म्हणजे खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोके छताला लागू नये. त्यासाठी सायलेन्सरची नळी वळवलेली आहे, स्टेपनीची जागा बदललेली आहे, आणि सीएनजीची टाकी जिथे बसली असती ती जागाच उरलेली नसल्यामुळे गाडी पेट्रोलवरच चालवावी लागते. खाली नेलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना मूळ उंचीचे कट्टे राहिले आहेत. या रचनेचा कॅम्परसाठी किती फायदा होतो, याची कल्पना मला गाडी घेतानाही नव्हती. दोन कट्ट्यांवर आडव्या प्लायच्या फळ्या टाकल्या की पलंग होतो. मधली फळी काढली की समोरासमोर बसायच्या दोन जागा होतात, पाय खाली सोडता येतात आणि काढलेली फळी टेबलाच्या कामी येते. साध्या इकोत पलंग केला की त्यावर मान वाकवून बसावे लागते. इथे दोघांना ताठ बसून जेवता येते. पंचावन्नाच्या पुढच्या माणसाला ही सोय किती मोलाची वाटते हे तरुणांना सांगून पटणार नाही.

आता रॅम्प. दोन पदरांत दुमडणारा हा अॅल्युमिनियमच्या चेकर्ड प्लेटचा रॅम्प गाडी चालू असताना डिकीच्या काचेमागे उभा राहतो आणि खडखडतो. सुरुवातीला तो इतका खडखडायचा, की सांगली-पेठ रस्त्यावर पत्नीला शेजारच्या सीटवरून मोठ्याने बोलावे लागायचे. मी कडीच्या फटीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, वरच्या कडेला रबर बीडिंग लावले, दोन पदरांमध्ये जुन्या योगा मॅटची पट्टी चिकटवली, आणि तरीही गतिरोधक ओलांडल्यावर 'टक्' असा एक आवाज उरलाच. पुष्कळ दिवस मी तो आवाज शोधत होतो. तो कडीचा नसून बिजागरीच्या पिनेचा आहे, हे बिजागरी तुटल्यावरच कळले. पिन झिजून भोकात सैल झाली होती आणि प्रत्येक खड्ड्यात ती थोडी थोडी भोक मोठे करत होती. अशी गाडी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की हा रॅम्प बहुतेक वेळ उभाच प्रवास करतो, त्यामुळे त्याची झीज खुर्ची चढवण्या-उतरवण्याने कमी आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी जास्त होते.

गाडी घेतली तेव्हा रॅम्प काढून भंगारात घालायचा असे मी ठरवून टाकले होते. वजन वाचेल, मागची काच मोकळी होईल आणि पलंग वीतभर लांब होईल, असा माझा हिशेब होता. तो बदलायला दोन कारणे झाली.

पहिले कारण गॅसचे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली की तो खाली साचतो. साध्या व्हॅनमध्ये तो दाराच्या फटींतून काही प्रमाणात तरी बाहेर पडेल. माझ्या गाडीत मात्र मधला खोलगट भाग म्हणजे तो साठवून ठेवणारी परातच आहे, आणि तिच्यावरच झोपायचे असते. त्यामुळे गाडीत गॅस पेटवायचा नाही आणि सिलिंडरही आत ठेवून झोपायचे नाही, हा नियम मी पहिल्यापासून पाळला. इंडक्शनचा पर्याय कागदावर बरा दिसतो. पण माझी १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२.८ व्होल्टच्या हिशेबाने १,२८० वॉट-अवर इतकीच वीज धरते, आणि १,५०० वॉटची शेगडी ती पाऊण तासात रिकामी करते. ती वीज दिवे, पंखा आणि मोबाइल यांसाठीच राखलेली बरी. म्हणजे स्वयंपाक बाहेरच करायचा, आणि त्यासाठी ओटा हवा.

तो ओटा म्हणजे रॅम्प. टर्नरनेच सुचवल्याप्रमाणे रॅम्पच्या टोकाला पाइपचे दोन सुटे पाय बसवले. ते लावले की रॅम्प उताराऐवजी आडवा राहतो, आणि जमीन मुळात खाली नेलेली असल्यामुळे त्याची उंची पाटावर बसून स्वयंपाक करायला नेमकी येते. वर उघडलेल्या डिकीच्या दाराचे छप्पर होते. सागरेश्वरच्या बाजूला पहिल्यांदा तिथे पिठले केले, तेव्हापासून रॅम्प भंगारात घालण्याचा विषय आमच्या घरात निघालेला नाही.

दुसरे कारण कागदपत्रांचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत मनाने करता येत नाही. दिव्यांगांसाठी गाडी अनुकूलित करून घेण्याची वाट त्याच कलमात अटींसह ठेवलेली आहे, आणि माझ्या गाडीच्या आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, तो बदल व कमी झालेली आसनसंख्या रीतसर नोंदलेली आहे. रॅम्प त्याच बदलाचा भाग आहे. कॅम्पर म्हणून नोंद करायची, तर मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे आत राहता येईल अशा गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळे भारतीय मानक आहे, आणि एका घरगुती गाडीसाठी त्या चाचण्यांच्या मागे लागणे माझ्या खिशाच्या पलीकडचे आहे. म्हणून मी गाडीला काही कापले नाही, जोडले नाही, वेल्डिंग केले नाही. फळ्या, पेटी, बॅटरीचा खोका, सगळे सामान म्हणून येते आणि सामान म्हणून उतरते.

हे शक्य झाले ते खुर्ची बांधायच्या रेलमुळे. व्हीलचेअर चार बाजूंनी पट्ट्यांनी जखडण्यासाठी जमिनीत जे धातूचे रेल असतात, त्यांच्यासारखे फिटिंग कॅम्परवाल्यांना विकत घेऊनही सहजी मिळत नाही. या पट्ट्यांच्या आयएसओ १०५४२ या आंतरराष्ट्रीय मानकात ८५ किलोची चाचणी-खुर्ची धरून ताशी ४८ किलोमीटरच्या धडकेइतका झटका दिला जातो. तेव्हा प्लायची पेटी आणि पाण्याचा कॅन त्यांना फारच हलका. पसरणी घाटाच्या वळणांवर आतली एकही वस्तू हललेली नाही. शिवाय व्हीलचेअर वापरणाऱ्या आमच्या आत्याबाईंना मिरजेला दवाखान्यात न्यायचे असते, त्या दिवशी फळ्या गच्चीवर जातात आणि खुर्ची तिच्या मूळ जागी येते. रॅम्प काढला असता, तर त्यांच्यासाठी वेगळी गाडी करावी लागली असती, आणि तिचे भाडे मी इथे लिहीत नाही.

तक्रारी अजूनही आहेत. जमीन खाली नेल्यामुळे गाडीचे पोट घासते. ठोसेघरच्या वाटेवरच्या एका बेढब गतिरोधकाने सायलेन्सरच्या नळीचा क्लॅम्प सैल केला. महाबळेश्वरला थंडीत दोन माणसांच्या श्वासाची वाफ अॅल्युमिनियमच्या प्लेटवर जमून पहाटे थेंब पायांवर पडतात. प्लेटला आतून फोमची शीट लावल्यावर आणि पुढच्या दाराची काच बोटभर उघडी ठेवल्यावर ते बरेच कमी झाले, थांबले नाहीत. पावसात डिकीच्या खालच्या कडेतून झिरपलेले पाणी खोलगट भागात साचते. तिथे निचऱ्याचे भोक आणि रबरी बूच मूळ कामातच आहे. पण बूच काढून पाणी सोडायचे हे रोज आठवणीने करावे लागते.

अशी गाडी जुनी घ्यायची असेल, तर एक गोष्ट जाणून असावी. दिव्यांग सवलतीत गाडी घेताना ती पाच वर्षे न विकण्याचे प्रतिज्ञापत्र मालकाला द्यावे लागत असे, त्यामुळे बाजारात येणाऱ्या बहुतेक गाड्यांनी निदान पाच पावसाळे काढलेले असतात. रंग आणि टायर मागाहून पाहावेत. आधी टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे व्हावे आणि कापलेल्या जमिनीच्या जोडावर, विशेषतः चारी कोपऱ्यांत, पेचकसाने टोचून पाहावे. नंतर रॅम्प अर्धा उघडून बाजूला हलवावा. पिनेपाशी हाताला ढिलेपणा जाणवला, तर किंमत ठरवताना तो मुद्दा काढावा आणि दुरुस्तीला मूळ वर्कशॉपऐवजी लेथवाल्याकडे जावे. माझी डावी बिजागरी अजून जुनीच आहे, तिच्यातही तोच 'टक्' सुरू झाला आहे, आणि टर्नरने यावेळी नऊशे सांगितले आहेत.