घाव पाहिला, मोटरीची पाटी पाहिली नाही

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे लहानसे युनिट आहे. फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेले पोलाद ठोकून सुटे भाग घडवणाऱ्या, कारखान्यांना लागणारे पोलादी बारचे तुकडे आम्ही बँडसॉवर, म्हणजे पट्टीच्या करवतीवर, कापून पुरवतो. 40 मिलिमीटर व्यासाचा बार कापताना पाते प्रत्येक कापाला साधारण दीड मिलिमीटर पोलाद खाते; वजनात ते जेमतेम 15 ग्रॅम भरते, पण दिवसाला 2,000 तुकडे कापणाऱ्या माणसाला रोज 30 किलो चांगला माल चुरा होऊन भंगाराच्या भावाने विकावा लागतो. हा चुरा वाचवण्याच्या हव्यासापोटी मी 38 लाख रुपयांना एक वापरलेले अतिवेगवान आघाती कापणी यंत्र विकत घेतले आणि पुरता फसलो.

ज्या तत्त्वाच्या नावाखाली मला यंत्र विकले गेले ते तत्त्व पूर्णपणे खरे आहे, आणि म्हणूनच मला संशय आला नाही. साध्या शिअरमध्ये, म्हणजे कातरीसारख्या कापणी यंत्रात, पाते सावकाश दाबत जाते, त्यामुळे बारचे टोक वाकते, चेपते आणि कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, उभी राहते. तोच घाव सेकंदाला आठ-दहा मीटर वेगाने बसला, तर धातू घसरताना निर्माण होणारी उष्णता आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही. ती एका अरुंद पट्ट्यात कोंडते, तेवढाच पट्टा मऊ पडतो आणि तुकडा जवळजवळ सरळ तोंडाने सुटतो. चुरा होत नाही. अशाच वेगवान घावाने लोखंडाची पावडर साच्यात दाबली, तर नेहमीच्या प्रेसपेक्षा जास्त घनता मिळते, हेही खरे आहे. स्वीडनमध्ये या दोन्ही उपयोगांवर बरेच काम झालेले आहे. विक्रेत्याने हे सारे मला इतक्या व्यवस्थित समजावले की हा माणूस यंत्र जाणतो, म्हणजे यंत्रही तसेच असणार, असे मी गृहीत धरले.

प्रात्यक्षिक त्याच्या गोदामात झाले. बार त्याचेच होते. घाव बसला की तोफेसारखा आवाज होई आणि तुकडा खाली पडे. तोंड खरोखरच देखणे होते. त्यानंतर तो तुकडा माझ्या हातात देई, कॅलिपर लावायला सांगे, मध्येच चहा मागवी, आणि मग दुसरा बार लावला जाई. तासाभरात आम्ही बारा तुकडे कापले. दोन घावांमध्ये जाणारी ती चार-पाच मिनिटे मला आदरातिथ्याची वाटली. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात पंप अॅक्युम्युलेटर, म्हणजे दाबाखाली तेल साठवणारी टाकी, भरून घेत होता. अशा यंत्रात पंपाने तेल दाबून या टाकीतल्या नायट्रोजनच्या फुग्यात ऊर्जा साठवलेली असते आणि ती एका क्षणात रॅमवर, म्हणजे घाव घालणाऱ्या जड ठोकळ्यावर, सोडली जाते. त्यामुळे किरकोळ पंपसुद्धा पुरेसा वेळ मिळाल्यास एक जबरदस्त घाव देऊ शकतो. दुसरा लगेच देऊ शकत नाही.

माहितीपत्रकात लिहिले होते की रॅम 100 किलोचा, वेग सेकंदाला 10 मीटर आणि मिनिटाला 60 काप. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले की एका घावाची ऊर्जा 5,000 ज्यूल येते. सेकंदाला एक घाव म्हणजे नुसत्या रॅमलाच 5 किलोवॅट हवेत, आणि तेलातली, झडपांमधली गळती धरली तर त्याच्या दुपटीच्या आसपास. मोटरीवर पाटी होती, 5 अश्वशक्ती, म्हणजे 3.7 किलोवॅट. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर तासभर होता. दहावीच्या भौतिकशास्त्राचा हा गुणाकार मी केला असता, तर चहा पिऊन परत आलो असतो.

आमच्या शेडमध्ये यंत्र बसवल्यावर पहिले तीन तुकडे छान निघाले. चौथ्याचे तोंड तिरके आले, नवव्या-दहाव्या घावाला बार अर्धवट कापून पात्यात अडकला. आमच्या ऑपरेटरने, शिंदेमामांनी, रॅमवर खडूच्या खुणा केल्या आणि मोबाईलवर सेकंदाला 240 चित्रे घेणारे चित्रण केले. पहिल्या घावाला बारपाशी पोहोचताना रॅम एका चित्रात 22 मिलिमीटर सरकत होता, म्हणजे वेग सेकंदाला सव्वापाच मीटर. दहाव्या घावाला 6 मिलिमीटर, म्हणजे दीड मीटरही नाही. “साहेब, हा हातोडा दमलाय,” एवढेच मामा म्हणाले. अॅक्युम्युलेटरवरची तपासणीची तारीख खरवडलेली आहे, हेही त्याच दिवशी त्यांच्या लक्षात आले, आणि मी यंत्र बंद करायला लावले.

याच यंत्रावर दाबून भट्टीत भाजलेला म्हणून विक्रेत्याने मला पावडरचा एक बुशही, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी नळीही, दिला होता. घनता घन सेंटिमीटरला साडेसात ग्रॅम सांगितली होती. तो हवेत 51.2 ग्रॅम आणि पाण्यात 43.2 ग्रॅम भरला, म्हणजे घनता 6.4. गरम केल्यावर त्याला तेलाचा घाम फुटला. बाजारात कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळणारा तो साधा तेल मुरवलेला बुश होता.

कागदपत्रांनी मला आणखी खोल नेले. बिलावर फक्त “वापरलेले हायड्रॉलिक कटिंग मशीन, जसे आहे तसे” असे लिहिलेले आहे. वेग, ऊर्जा, मिनिटाचे काप यांपैकी काहीही नाही, आणि गोदामातील चाचणी हीच अंतिम स्वीकृती असे कलम मी सही करताना वाचूनही सोडून दिले. पोलिसांनी प्रकरण दिवाणी असल्याचे सांगितले. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू म्हणून ग्राहक आयोगाचा मार्ग वकिलांनी पहिल्याच भेटीत बाजूला ठेवला. आधार उरला तो 1930 च्या माल विक्री कायद्याचा आणि त्या माहितीपत्रकाचा, जे सुदैवाने विक्रेत्याने मला ईमेलने पाठवले होते. दोष दिसल्याबरोबर माल नाकारल्याचे लेखी कळवले होते, हे फार बरे झाले, असे वकील म्हणतात. महिनाभर दुरुस्तीच्या आश्वासनांवर थांबलो असतो, तर माल स्वीकारला असे धरले गेले असते.

अशा यंत्राच्या शोधात असलेल्यांनी आपले बार, आपल्याच दर्जाचे आणि व्यासाचे, गाडीत घालून न्यावेत आणि सलग तासभर कापून घ्यावेत. बोलायला थांबू नये, चहा नंतर घ्यावा. पहिला तुकडा बाजूला ठेवून शेवटचा घरी आणावा.

दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीला समोरचा पक्ष आला नाही, त्यामुळे आता वाणिज्य न्यायालयात दावा दाखल आहे. यंत्र ताडपत्रीखाली उभे आहे आणि कर्जाचा हप्ता चालू आहे. न्यायालयाचा कमिशनर पाहणीला यायचा आहे, म्हणून शिंदेमामा दर सोमवारी ताडपत्री उचलून मोटरीची पाटी पुसून ठेवतात.