ठरावीक पीआयडी हवा असेल तर: एनएस_लास्ट_पिड की क्लोन३?

चेकपॉइंट करून (म्हणजे चालू स्थिती जपून) ठेवलेली प्रोसेस पुन्हा उठवायची, तर तिला जुनाच पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, द्यावा लागतो. थ्रेडचे नंबर, म्हणजे टीआयडीही, तेच लागतात. एरवी लिनक्स कर्नल नंबर आपल्याच क्रमाने वाटतो. त्यात हात घालायच्या दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही वापरल्या आहेत.

जुनी वाट म्हणजे प्रॉकमधली (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या डिरेक्टरीतली) एनएस_लास्ट_पिड ही फाइल, कर्नल ३.३ पासूनची. हव्या त्या नंबरापेक्षा एक कमी आकडा तिच्यात लिहायचा आणि फोर्क करायचा, म्हणजे नवी प्रोसेस काढायची. शेलमधूनही जमतं, हे तिचं मोठं सुख.

गोची होते ती लिहिणं आणि फोर्क यांच्या मधल्या फटीत. तेवढ्यात त्याच नेमस्पेसमध्ये (पीआयडींची स्वतंत्र मोजणी असलेल्या गटात) दुसऱ्या कुणी फोर्क केला, की नंबर त्याचा. कर्नल तक्रारही करत नाही, तुमच्या चाइल्डला (नव्या प्रोसेसला) गुपचूप पुढचा नंबर देतो. मग तपासा, मारा, पुन्हा लिहा. फाइलवर एफलॉक (कुलूप) घ्यायचा रिवाज आहे, पण तो पाळणार फक्त तो माहीत असलेला प्रोग्रॅम. क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टला त्याचं काय! निवांत मशिनवर हे जाणवतही नाही. भरपूर थ्रेड असलेली प्रोसेस गजबजलेल्या मशिनवर उठवताना मात्र मी अगदी वैतागलो. त्यात कॅट या कमांडने फाइल बघायला जावं, तर कॅट स्वतःच एक नंबर खाते आणि आपल्याला बहुधा तिचाच पीआयडी दिसतो.

नवी वाट म्हणजे प्रोसेस काढणारा क्लोन३ हा सिस्टिम कॉल. त्यातलं सेट_टीआयडी (कर्नल ५.५ पासून) ही फटच ठेवत नाही. नंबर त्याच कॉलमध्ये जातो. मिळाला तर मिळाला, नाहीतर ईएक्झिस्ट (नंबर आधीच वापरात) एरर. नेमस्पेस एकात एक असतील तर सगळ्या पातळ्यांचे नंबर एकाच ॲरेमध्ये देता येतात, सर्वांत आतला आधी. नव्या नेमस्पेसमधली पहिली प्रोसेस १ च असली पाहिजे, एवढं पथ्य.

त्रास इथेही आहे. जीलिबसी या सी लायब्ररीत त्यासाठी तयार फंक्शन (रॅपर) नाही, सिस्टिम कॉल थेट मारावा लागतो. शिवाय सिस्टिम कॉल गाळणाऱ्या सेककॉम्पला पॉइंटरमागचं स्ट्रक्चर वाचता येत नाही, म्हणून काही कंटेनर प्रोफाइल क्लोन३ ला सरळ ईनोसिस (असा कॉलच नाही) परतवतात. कंटेनरमध्ये काम असेल तर हे आधी तपासलेलं बरं.

परवानगीत डावंउजवं नाही, ५.९ पासून दोन्हींना कॅप_चेकपॉइंट_रिस्टोअर ही कर्नलची परवानगी पुरते.

तुमचा कर्नल ५.५ हून जुना असेल तर प्रश्नच मिटला, फाइलच वापरायची. नसेल, तर मी तरी क्लोन३ कडेच झुकेन. चेकपॉइंट-रिस्टोअर करणारं क्रियू हे टूलसुद्धा जमेल तिथे तेच वापरतं. फाइल मी एकाच कामासाठी राखली आहे: पिड_मॅक्सच्या (पीआयडींच्या कमाल मर्यादेच्या) जवळचा आकडा लिहून द्यायचा आणि नंबर गुंडाळून ३०० पासून सुरू झाले की आपला प्रोग्रॅम कुठे गडबडतो ते बघायचं.