ग्रामपंचायत, नगरपरिषद की महापालिका? शहराच्या काठावरच्या गावानं काय मागावं

ऑक्टोबर 2017 मध्ये पुण्याभोवतीची 11 गावं महापालिकेत गेली. 30 जून 2021 ला आणखी 23 गेली आणि पुणे क्षेत्रफळानं राज्यातली सगळ्यांत मोठी महापालिका झाली. सप्टेंबर 2024 मध्ये मात्र पहिल्या अकरांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली गेली. तिकडे हिंजवडी, माण, मारुंजी परिसर पिंपरी-चिंचवडमध्ये घ्या म्हणून आयटीवाले सह्या गोळा करतात, तर गावातल्या अनेकांना ते नको असतं. म्हणजे एकाच जिल्ह्यात कुणाला आत यायचंय, कुणाला बाहेर पडायचंय आणि कुणाला आहे तिथंच राहायचंय.

तुमचं गाव अशा काठावर असेल तर आज ना उद्या ग्रामसभेत हा विषय येणारच. तेव्हा व्यासपीठावरून अस्मिता, विकास, जिझिया कर असे शब्द उडतील. सरपंचाच्या विरोधात गावाचं हित किती आणि खुर्ची किती, किंवा समर्थन करणाऱ्याचे किती गुंठे भावी रस्त्याला लागून आहेत, हे गावकऱ्यांना सांगावं लागत नाही. म्हणून ते बाजूला ठेवून तीन पर्यायांत प्रत्यक्षात काय बदलतं तेवढं बघू.

आधी पात्रता

नगरपंचायतीला 10 ते 25 हजार लोकसंख्या लागते, नगरपरिषदेला 25 हजारांच्या पुढे. त्याशिवाय शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाणही बघितलं जातं. गोम अशी की हिशोबाला जनगणना धरतात ती 2011 ची. तेव्हा जिथं ज्वारी होती तिथं आज बारा मजली इमारती उभ्या असतील, पण कागदावर गाव सात हजारांचंच. ग्रामपंचायतीला मिळणारा वित्त आयोगाचा निधीही प्रामुख्यानं त्याच जुन्या आकड्यावर येतो. काठावरच्या ग्रामपंचायतीची निम्मी दमछाक इथंच होते: कचरा आजच्या माणसांचा, पैसा 2011 च्या माणसांचा.

एकटं गाव बसत नसेल तर शेजारची दोन-तीन गावं मिळून नगरपरिषद मागता येते. फुरसुंगी आणि उरुळीची तशीच झाली.

गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं

ग्रामपंचायतीत सरपंच सकाळी दुधाला जाताना भेटतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, तिथं कुणीही उभं राहून जमाखर्च विचारू शकतं. कोरम अभावी त्या किती तहकूब होतात ते सोडा, हक्क तरी आहे. नगरपरिषदेत ग्रामसभा जाते, पण थेट निवडलेला नगराध्यक्ष आणि छोट्या प्रभागातला नगरसेवक राहतो. मुख्याधिकारी, म्हणजे सरकारनं नेमलेला प्रशासकीय प्रमुख, बाहेरचा असला तरी कार्यालय गावातच असतं.

महापालिकेत इथं मोठी दरी पडते. 2017 मध्ये गेलेल्या 11 गावांना 2019 च्या पोटनिवडणुकीतून मिळाले किती नगरसेवक? दोन. लोहगाव उत्तरेला, फुरसुंगी पूर्वेला, धायरी पार दुसऱ्या टोकाला, आणि सगळ्यांना मिळून दोघे. 2021 च्या 23 गावांचं नशीब त्याहून वाईट. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं प्रशासकाचं राज्य राहिलं. ग्रामपंचायत बरखास्त, नगरसेवक नाही, अशा अवस्थेत लोक क्षेत्रीय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होते. महापालिका कायद्यात क्षेत्र सभेची (प्रभागातल्या मतदारांच्या सभेची) तरतूद आहे, पण ती भरलेली बघितलेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

घरपट्टी

सगळ्यात जास्त आरडाओरडा हिच्यावर होतो, म्हणून थोडं सावकाश. महापालिकेत गेल्या दिवशी कर दहापट होतो हे खरं नाही. सुरुवातीला ग्रामपंचायतीच्याच दरानं आकारणी होते आणि मग टप्प्याटप्प्यानं काही वर्षांत ती पूर्ण दरापर्यंत नेतात. पण शेवटचा टप्पा गाठला की आकडा डोळे पांढरे करणारा असतो, कारण पुण्यात आकारणी वार्षिक करपात्र मूल्यावर, म्हणजे घराच्या अंदाजित भाड्यावर होते आणि ग्रामपंचायतीचा दर मुळातच नाममात्र असतो. थकवलं तर दरमहा 2 टक्के शास्ती चढते. बांधकाम अनधिकृत असेल तर वेगळा दंड, आणि काठावरच्या गावात गुंठेवारीतलं (गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या विनापरवाना प्लॉटवरचं) घर अधिकृत असणं हाच अपवाद. स्वतः राहत असाल तर पुण्यात 40 टक्के सवलत आहे, पण ती आपोआप लागली असं धरून चालू नका. बिल बघा, लागली नसेल तर पीटी-3 अर्ज भरा.

समाविष्ट गावांत या करावरून इतका असंतोष झाला की 2024 मध्ये निवडणुकांच्या तोंडावर सरकारनं वसुलीला स्थगिती दिली. लोकांना बरं वाटलं. पण स्थगिती म्हणजे माफी नव्हे, हे समजून घ्या.

नगरपरिषदेची घरपट्टी साधारण दोन्हींच्या मधली. ग्रामपंचायतीची सर्वांत कमी, हे उघडच. पण तुलना करताना खासगी टँकरचा खर्चही घरपट्टीत मिळवा. ज्या सोसायट्या दर उन्हाळ्यात टँकरसाठी सभासदांकडून जादा वर्गणी काढतात, त्यांच्या दृष्टीनं ग्रामपंचायत स्वस्त कधीच नव्हती. मळ्यातल्या विहिरीवर भागणाऱ्या जुन्या गावकऱ्याला मात्र ती खरोखर स्वस्त आहे. एकाच गावात दोन मतं असतात त्याचं मूळ बरेचदा इथं आहे.

रस्ते

हद्द बदलली की रस्ता सुधारतो हा सर्वांत मोठा गैरसमज. आधी रस्ता कुणाचा ते बघा. गावातली गल्ली ग्रामपंचायतीची, दोन गावांना जोडणारा ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, औद्योगिक क्षेत्रातला एमआयडीसीचा, आराखड्यातला नवा रस्ता पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा). हिंजवडीत हे सगळे एकाच पावसात भेटतात. 2025 च्या जूनमध्ये तिथं रस्त्यांचे ओढे झाले तेव्हा आयटी पार्क एमआयडीसीचा, मेट्रोचं काम पीएमआरडीएचं आणि तुंबलेलं पाणी मात्र कुणाचंच नाही, असा प्रकार होता. महापालिका आली तर निदान गटार आणि रस्ता एका साहेबाकडे येतील, हा तिथल्या नोकरदारांचा मुद्दा म्हणून रास्त आहे.

पण चाकण बघा. 2015 पासून नगरपरिषद आहे. तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात ट्रकच्या रांगेत अडकलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? ते चौक पुणे-नाशिक राष्ट्रीय महामार्गावर आहेत. नगरपरिषद फार तर अतिक्रमण काढेल. उन्नत मार्ग बांधणं तिच्या हातात नाही.

आणि महापालिकेच्या हातात असलेला रस्ता तरी होतो का? पुण्यातला कात्रज-कोंढवा रस्ता 84 मीटर रुंद करायचा ठरलं, 2018 मध्ये कामाचा नारळ फुटला. जागामालकांना टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) नको होता, रोख मोबदला हवा होता. पैसा नाही म्हणून रुंदी 50 मीटरवर आणली, तरी भूसंपादन रखडतच गेलं. म्हणजे अधिकार, आराखडा, अंदाजपत्रक सगळं असूनही घोडं पेंड खातं ते जमिनीवर. तुमच्या गावातल्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी कुणाच्या आहेत आणि ते त्या कशाच्या बदल्यात देतील, हे ग्रामसभेला कोणत्याही सल्लागारापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यावर आधी बोला.

गल्लीतल्या रस्त्यांचा हिशोब उलटा आहे. काँक्रीटची गल्ली, पेव्हर ब्लॉक, दिवाबत्ती ही कामं चालू स्थितीतली ग्रामपंचायत महापालिकेपेक्षा लवकर उरकते.

पाणी

खडकवासला धरणाच्या पायथ्याशी नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही गावं आहेत. 2021 पासून महापालिकेत. जानेवारी 2025 मध्ये याच पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचा (नसांवर घाला घालणाऱ्या आजाराचा) उद्रेक झाला. जिल्ह्यात संशयितांसह रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली, माणसं दगावली. नांदेडच्या ज्या विहिरीतून पुरवठा होत होता, तिच्या पाण्यावर फक्त निर्जंतुकीकरणाची प्रक्रिया व्हायची. शुद्धीकरण केंद्रातून येणारं पाणी तिथं पोचलेलंच नव्हतं. अख्ख्या पुण्याला पाणी पाजणारं धरण डोळ्यांसमोर, गाव महापालिकेत जाऊन साडेतीन वर्षं झालेली, आणि नळाला विहिरीचं पाणी.

यावरून कुणी म्हणेल, मग ग्रामपंचायतच बरी. तसं नाही. ती विहीर ग्रामपंचायतीच्या काळापासूनचीच, आणि एवढ्या वस्तीसाठी शुद्धीकरण केंद्र उभारणं ग्रामपंचायतीला झेपलंही नसतं. काठावरच्या बहुतेक गावांत पाणी हा एकच मुद्दा असा आहे जिथं महापालिकेला खरा पर्याय नाही. धरणातला कोटा, जलवाहिनी, टाक्या हे नगरपरिषदेला जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून जमू शकतं, पण स्वतःचा स्रोत नसेल तर ती शेजारच्या मोठ्या शहराच्या तोंडाकडे बघत बसते. नगरपरिषदेची मागणी करणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारा: पाणी कुठून आणणार?

आराखडा कुणाच्या हातात

2021 च्या 23 गावांत एक विचित्र गोष्ट घडली, आणि ती तुमच्याही गावात घडू शकते. गावं महापालिकेत गेली, पण विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला नेमलं. बांधकाम परवानगी पीएमआरडीए देणार, विकास शुल्क तिच्या तिजोरीत जाणार, आणि त्या इमारतींना पाणी, ड्रेनेज, रस्ता महापालिकेनं पुरवायचा. महापालिका म्हणे पैसा नाही. तिचंही सर्वस्वी चुकीचं नव्हतं. रहिवासी मधल्या मधे.

ग्रामपंचायत राहिली तरी गावठाणाबाहेरची परवानगी तिच्या हातात नसतेच. नगरपरिषदेला स्वतःची विकास योजना करता येते, हा तिचा मोठा फायदा, अर्थात सरकारनं तो अधिकार दुसऱ्याला दिला नाही तर. आराखडा आला की आरक्षणंही येतात. 1997 मध्ये पुण्याच्या हद्दीत आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, सुमारे 978 हेक्टर. टेकड्या वाचाव्यात असंच माझं मत आहे. पण ज्याची पिढीजात जमीन तिथं आहे, त्याचा मोबदल्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला हेही खरं.

आत-बाहेर करण्याची किंमत

आधी जाऊन बघू, नाही जमलं तर बाहेर पडू, असं कुणी म्हणालं तर त्याला कल्याण-डोंबिवलीची 27 गावं दाखवा. 1983 मध्ये आत, 2002 मध्ये बाहेर, 2015 मध्ये पुन्हा आत. 2020 मध्ये त्यांतली 18 गावं वगळायची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयानं ती रद्द केली. हद्द हलत राहते तोवर जलवाहिनीसारख्या मोठ्या कामात पैसा घालायला कोण तयार होणार? फुरसुंगी-उरुळीनं शहराचा कचरा डेपो दशकानुदशकं सोसला, त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण सात वर्षांत आत आणि बाहेर, यात त्यांचीही बरीच कामं अर्धवट राहिली.

मग कुणी काय मागावं

शेती शिल्लक आहे, वस्ती विरळ आहे, शहर अजून पाच-सात किलोमीटरवर आहे, तर घाई कशाला? रोजगार हमी, ग्रामीण घरकुल, वित्त आयोगाचा थेट खात्यात येणारा पैसा हे सगळं शहरी झाल्यावर जातं. त्यापेक्षा ग्रामपंचायत नीट चालवा.

गाव शहराला चिकटलंय, सोसायट्यांची संख्या वाड्यांपेक्षा जास्त झालीय आणि पाणी टँकरचं आहे, तर महापालिका टाळता येणार नाही. भाबडेपणानं मात्र जाऊ नका.

तीन-चार गावं एकमेकांना लागून आहेत, कारखाने किंवा मोठ्या मिळकतींमुळे करपाया भक्कम आहे आणि पाण्याचा स्रोत दाखवता येतो, तर नगरपरिषद. माझा स्वतःचा कल या पर्यायाकडे आहे, कारण पैसाही राहतो आणि माणूसही भेटतो. एकट्या छोट्या गावाची नगरपंचायत मला सर्वांत कच्ची वाटते: ग्रामीण योजना गेल्या, शहरी उत्पन्न आलं नाही, आणि मुख्याधिकारी बरेचदा दोन ठिकाणचा कारभार बघणारा.

ग्रामसभेचा ठराव सरकारवर बंधनकारक नसतो. प्रारूप अधिसूचना निघते, हरकती-सूचनांना साधारण 30 दिवस मिळतात, मग अंतिम अधिसूचना. त्या तीस दिवसांत ‘आमचा तीव्र विरोध आहे’ एवढ्या एका ओळीच्या शेकडो अर्जांचा गठ्ठा पडतो आणि निकाली निघतो. त्याऐवजी मुद्देसूद लिहा: नियोजन प्राधिकरण कोण असेल, विकास शुल्क कुठं जमा होईल, पाण्याचा कोटा किती आणि कोणत्या टाकीतून, कोणते रस्ते नेमके कोणाकडून कोणाकडे वर्ग होतील, ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांचं काय, पहिली निवडणूक कधी. सोबत गट नंबरांसह नकाशा आणि गेल्या तीन वर्षांची कर मागणी-वसुली जोडा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. पुढं न्यायालयात जायची वेळ आली तर हरकतीत काय मांडलं होतं हे त्या पोचेवरूनच दाखवावं लागतं.