टायमिंग बेल्ट बघायला शंभर फुटी रोडचं गॅरेज: काम चोख, पण बसायला खुर्ची नाही

सांगलीत जुनी डिझेल इनोव्हा वापरणाऱ्यांसाठी लिहितोय. इनोव्हा क्रिस्टावाल्यांनी पुढं गेलं तरी चालतंय, २०१६ ला आलेल्या त्या गाडीला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, पट्ट्याची भानगडच नाही. जुन्या अडीच लिटरवाल्या इंजिनला मात्र रबरी टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे पिस्टनला जोडलेला क्रँक आणि वॉल्व उघडणारा कॅम एका तालात फिरवणारा पट्टा, आणि तो तुटला की वॉल्व सरळ पिस्टनवर आपटतात, मग हेड उतरवा, वॉल्व बदला, आणि ते बिल बघून माणूस गाडी तिथंच सोडून यायचा विचार करतो.

आमची गाडी सेकंड हँड. विकणारा म्हणला बेल्ट बदललाय, बिल मागितलं तर म्हणला बघून पाठवतो, ते बिल अजून येतंयच. बरेच जण म्हणतात डॅशबोर्डवर टी-बेल्टची लाईट लागली नाही ना मग निवांत रहा. अहो ती लाईट पट्टा बघून लागत नाही, ती नुसती किलोमीटर मोजते आणि मीटरचं बटण दाबून कुणीपण रिसेट करू शकतो, त्यात मीटरच मागं फिरवलेला असेल तर मग बोलायलाच नको. आधी एका दुसऱ्या ठिकाणी दाखवली तर त्यांनी बॉनेट उघडून कान लावला आणि "वाजत नाही ना, मग सोडा" म्हणून परत पाठवलं. पट्टा तुटायच्या आधी वाजेलच असं कुठं लिहिलंय?

तर हे गॅरेज. मिस्त्री वयस्कर आहेत, सगळे अण्णा म्हणतात. पहिली गोष्ट आवडली ती म्हणजे गाडी गरम होती तर हातच लावला नाही, म्हणले संध्याकाळपर्यंत राहू दे नाहीतर उद्या सकाळी आणा. सकाळी नेली तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, दहाच्या गोटी पान्यानं पुढच्या कव्हरचे बोल्ट काढले आणि कव्हर हातात आल्यावर पट्टा बघायच्या आधी त्यांनी कव्हरच आतून बघितलं. टॉर्च मारून कोपऱ्यात बोट फिरवलं. मी विचारलं काय बघताय, तर म्हणले "कृष्णेचा गाळ." २०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत सांगलीत किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते इथल्या माणसाला सांगायला नको, त्यातल्या कितीतरी धुऊन पुसून नवी सीट कव्हरं घालून विकल्या गेल्या. सीट धुता येते पण या कव्हरच्या आत कोण हात घालत नाही, वाळलेला गाळ तिथं तसाच बसून राहतो आणि पट्टा अन् बेरिंग दोन्ही खातो. आमच्या गाडीत काळी रबराची पूड निघाली, गाळ नव्हता. खरं सांगू, पट्ट्यापेक्षा त्याचीच धाकधूक जास्त होती.

मग पट्टा. खालून क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं फिरवत होते, सरळ दिशेनंच, पोरानं एकदा उलटं फिरवायला घेतलं तर त्याला जी शिवी बसली ती इथं लिहिता येत नाही. थोडं फिरवायचं, टॉर्च मारायचा, परत थोडं फिरवायचं, असा पूर्ण पट्टा बघितला. दात तुटलेत का, दाताच्या मुळाशी चीर आहे का, कडेचे धागे सुटलेत का, आणि कॅमच्या ऑइल सीलमधून तेल गळून पट्टा भिजलाय का. तेलाचं त्यांनी खास सांगितलं, की तेल लागलेलं रबर फुगतं आणि दात सोडतं, तेव्हा नुसता पट्टा बदलून उपयोग नाही, सील पण बदलावं लागतं नाहीतर नवा पट्टा पण त्याच वाटेनं जातो. आमचं सील कोरडं निघालं.

आता मुद्द्याचं. तडा एकपण नव्हता. मी मनात म्हणलं चला, वाचलो. तर अण्णांनी पट्ट्याच्या पाठीवर अंगठ्याचं नख दाबलं आणि मला पण दाबायला लावलं. नख उमटतच नाही! पाठ काचेसारखी चकचकीत, वर छापलेली अक्षरं पुसून गेलेली आणि एका कडेला बारीक धागे निघालेले. चांगल्या रबरावर नखाची खूण उठते, याच्यावर काहीच नाही. म्हणले आताच्या पट्ट्यांना जुन्यासारखे तडे दिसतीलच असं नाही, वरनं बरा दिसतो आणि दात सोडतो, म्हणून बघून वाईट पट्टा ओळखता येतो पण चांगल्याची गॅरंटी देता येत नाही, कधी बदललाय ते माहीत नसेल तर बदलायचाच. मी विचारलं अजून किती चालेल, तर म्हणले "ते मला विचारू नका, पट्टा काय पत्र लिहून तुटत नाही."

बदलायचं ठरलं. पार्ट मीच आणले, त्यांना चालतं, पण ओरिजिनल बॉक्समधलाच पाहिजे म्हणाले, आणि नवा पट्टा बॉक्समधनं काढून मी उगंच वाकवून बघायला गेलो तर हातातनं काढून घेतला, आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात, मुडपला तर नवा असून वाया. पट्टा ज्याच्यावरनं फिरतो ते आयडलर बेरिंग हातानं फिरवलं तर खरखर लागत होती, ते बदला म्हणले. पट्टा ताणून धरणारा हायड्रॉलिक टेन्शनर कोरडा होता, गळत नव्हता, तो तुमच्यावर म्हणले. मी तो पण टाकला, परत तेच सगळं उघडायची मजुरी कोण देणार. पट्टा चढवल्यावर क्रँकला हातानं पूर्ण दोन फेरे दिले कारण तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो, दोन्हीच्या टायमिंगच्या खुणा परत जागेवर आल्या ते मला वाकून बघायला लावलं, मगच सेल्फ मारला. कव्हरवर तारीख आणि किलोमीटर मार्करनं लिहून दिलं, जुना पट्टा माझ्या हातात. पुढच्या मालकाला बिल बघून पाठवतो म्हणायची वेळ येणार नाही.

आता खटकलेलं. बसायला खुर्ची नाही, टायरवर बसा नाहीतर उभं रहा. फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीच उचलत. मजुरी आधी सांगत नाहीत, वाजवी लावली पण आकडा शेवटी कळतो, मला ते पटत नाही. बिल मागितल्यावर वहीचं पान फाडून देतात, ज्याला कंपनीत क्लेम करायचाय त्यानं आधीच बोलून घ्या. पोराच्या ग्रीसच्या हाताचे ठसे सीटवर आले, जुना टॉवेल टाकून गाडी द्या. आणि हळदीच्या सीझनला मार्केट यार्डाचे टेम्पो रांगेत असतात, तेव्हा तर चेकिंगला पण नंबर लागत नाही.

पाचपैकी चार स्टार, एक खुर्ची आणि फोनचा कापलाय. विश्रामबागकडनं येत असाल तर सकाळी लवकर या, इंजिन गार असतानाच पोचता येईल असं बघा, लांबनं येणार असाल तर आदल्या रात्रीच गाडी लावून जा, ते लावून घेतात. पाटी झाडामागं झाकलेली आहे, शेजारच्या पंक्चरवाल्याला अण्णा कुठं म्हणून विचारा.