टोकियोतले शेवटचे दोन दिवस: उएनो की शिंजुकू?

राहायला माझं मत सरळ उएनो. नारिता विमानतळाहून फ्लाइट असेल तर तिथून स्कायलायनर ट्रेन पाऊण तासात पोचवते, शिंजुकूहून नारिता एक्सप्रेस ट्रेनला दीडेक तास धरा, वर शिंजुकू स्टेशनला 200 च्या वर एक्झिट, बॅगा ओढत बरोबर गेट शोधताना नाकी नऊ येतात. उरलेली खरेदी रेल्वेच्या रुळांखालच्या आमेयोको बाजारात उरकते, तिथला चॉकलेटवाला ओरडत ओरडत एका पिशवीत पाकिटं कोंबत जातो, बघतच राहावं, आणि काप्पाबाशी या भांड्याकुंड्यांच्या बाजारात किचनच्या सुऱ्या एकदम भारी मिळतात (चेक-इन बॅगेतच टाका हं). रात्री मात्र शिंजुकूच, गोल्डन गाई नावाच्या गल्ल्यांतले मोजक्या खुर्च्यांचे चिमुकले बार, आणि टोकियो मेट्रोपॉलिटन गव्हर्नमेंट बिल्डिंगच्या 45 व्या मजल्यावरून अख्खं शहर फुकटात. हानेदा विमानतळाहून निघणार असाल तर शिंजुकूलाच राहा की.