माझा पाय आखूड नव्हता

धावणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. माझे ३६,००० रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करताना माझी कंबर धरली. यवतेश्वरचा घाट जमायला हवा म्हणून दोनच आठवड्यांत मी आठवड्याचं धावणं २५ किलोमीटरवरून ४२ वर नेलं होतं, त्यातही बहुतेक चढच. दुखण्याचं मूळ तिथेच होतं. पण ते मला पहिले दोन महिने कुणी विचारलंच नाही.

एका शर्यतीच्या आधी बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला गेले, तिथे एका ‘स्पाइन सेंटर’चं मोफत तपासणीचं टेबल होतं. बूट न काढताच मला पालथं झोपवलं. त्या माणसाने दोन्ही टाचा हातात धरून जुळवल्या आणि माझ्या मैत्रिणीला जवळ बोलावलं. “बघा, डावा पाय सव्वा सेंटिमीटर आखूड. मणका त्यामुळेच सरकलाय.” तिने फोटो काढला. फोटोत डावी टाच खरंच वर दिसत होती. मी घाबरले. “ऑर्थोपेडिककडे गेलात तर ते थेट ऑपरेशन सांगतील,” हेही त्याने तेव्हाच ऐकवलं. २४ सिटिंगचं पॅकेज ५४,००० चं, आजच भरलं तर ३६,०००. मी कार्ड पुढे केलं.

प्रत्येक सिटिंगला कट्-कट् आवाज यायचा आणि तो म्हणायचा, “बसलं जागेवर.” सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाली की असा आवाज येतो, हाड जागेवर बसल्याचा तो नसतो, हे मला फार नंतर कळलं. दोन-तीन तास खरंच हलकं वाटायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. नवव्या सिटिंगनंतर कळ मांडीतून खाली उतरली आणि अंगठा बधिर झाला. त्यावर उत्तर मिळालं, “शरीर बरं होतंय, आधी थोडं वाढतंच.” एवढं होऊनही मी आणखी दोनदा गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाय सरळ उचलून पाहिला, अंगठ्याची ताकद आणि संवेदना तपासली, लघवी-संडासवरचा ताबा आणि जांघेतला बधिरपणा याबद्दल विचारलं. (ताबा सुटला किंवा जांघ बधिर झाली असेल तर एक दिवसही थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.) ऑपरेशनचा शब्दही काढला नाही. फिजिओथेरपिस्टने बूट काढायला लावून कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप लावली. दोन्ही पाय सारखेच. मग टाचा धरून नुसतं कंबरेला किंचित वळवलं, तर डावी टाच पुन्हा ‘आखूड’! नंतर नितंबांचे आणि पोटाचे व्यायाम दिले, धावणं बंद न करता कमी केलं. सात आठवड्यांत मी पुन्हा दहा किलोमीटर धावले.

मणक्यावर हाताने उपचार करणं मुळातच खोटं, असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीच्या औषधाविना उपायांत त्याचाही समावेश केलाय. कोणते उपचार करावेत याचं मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०१६ मध्ये ते मान्य केलं, पण व्यायामाच्या जोडीने. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच कमी होते. मग पहिल्याच दिवशी २४ सिटिंग कशावरून ठरली?

पैसे परत मागितले तेव्हा पावती नीट वाचली. तिच्यावर ‘उपचार’ हा शब्दच नाही. ‘वेलनेस मेंबरशिप, नॉन-रिफंडेबल’. उरलेली १३ सिटिंग घरातल्या कुणालाही वापरता येतील, म्हणाले. मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. मैत्रिणीने काढलेला तो फोटो आणि पावती दोन्ही जोडलीत.

गेल्या रविवारी आमच्या ग्रुपमधला एक मुलगा म्हणाला, “ताई, माझा उजवा पाय एक सेंटिमीटर आखूड निघाला.” टेबल त्याच सेंटरचं. दोन हजार टोकन भरून आलाय, बाकीचे सोमवारी द्यायचे होते. त्याला तिथेच बूट काढायला लावले.