घरातल्या बिअरचा हिशेब: दहा महिने शीट आणि बिन कार्ड वापरल्यानंतर

२०२५ च्या फेब्रुवारीत जिन्याखालचं खोकं उपसलं. २३ बाटल्या निघाल्या, त्यातल्या ९ मेलेल्या. मेलेल्या म्हणजे फुटलेल्या नव्हे. झाकण काढलं की फस्स व्हायचं, फेसही यायचा, पण घोट घेतला की ओला पुठ्ठा चघळल्यासारखी चव. मी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एका कंपनीत स्टोअर बघतो. दिवसभर पोरांच्या मागे लागतो की जुना माल आधी काढा, नवा मागे लावा. आणि घरी स्वतःचाच माल सडवला. बायको एवढंच म्हणाली, "माझ्या लोणच्याच्या बरणीवर तारीख नसते, तरी तीन वर्षं टिकतं." त्याच रात्री शीट बनवायला बसलो.

मी रोज पिणारा नाही. शनिवारी एखादी, फार तर दोन. पण जमवायचा नाद आहे. कुणी पुण्याला गेलं की तिथल्या लहान ब्रुअरीचे दोन कॅन सांगतो. लेबल बदललेलं दिसलं की एक घेऊन ठेवतो. गावात बिअरच्या कंपन्या चिक्कार असल्यामुळे नव्या ब्रँडची खबर कॅन्टीनमध्येच लागते. त्यामुळे येणं जास्त, संपणं कमी, आणि खरा घोळ तिथेच आहे. (आजीवन परवाना काढलेला आहे. घरी किती साठा ठेवता येतो तेही त्यासोबत बघून घ्या. आणि गोव्याहून डिकी भरून आणणं कायद्यात बसत नाही, ते मला सुचवू नका.)

आधी मोबाईलवरचं एक ॲप घेतलं होतं. नाव लिहीत नाही, कारण दोष त्याच्यापेक्षा माझ्या अपेक्षेचा जास्त. ते ॲप काय प्यायलात, कशी लागली, किती गुण देता हे विचारतं. फ्रीजमध्ये काय उरलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. मला वाटलं बारकोड स्कॅन केला की सगळं आपोआप येईल. तीन आठवडे बाटल्या कॅमेऱ्यासमोर फिरवल्या. मग डोक्यात प्रकाश पडला, तोही कंपनीत पावत्या तपासताना. ८९० ने सुरू होणारा तो तेरा आकडी बारकोड फक्त माल कोणता आणि केवढ्या मापाचा एवढंच सांगतो. बॅच नाही, तारीख नाही. जानेवारीत भरलेली ६५० मिलीची बाटली आणि जूनमध्ये भरलेली, दोघींचा बारकोड एकच. ज्याला जुनं आधी काढायचंय त्याच्या हे काही उपयोगाचं नाही. ॲप काढून टाकलं.

मग गुगल शीट. रकाने साधे: नाव, प्रकार, मिली, अल्कोहोलचे टक्के, निर्मितीची तारीख, कधी आणली, कुठून, कुठला कप्पा, शिल्लक. आपल्याकडच्या बहुतेक बिअरवर निर्मितीपासून सहा महिन्यांच्या आत प्या असं छापलेलं असतं. म्हणून तारखेवर ईडेटचं सूत्र लावून पुढच्या रकान्यात सहा महिन्यांनंतरची तारीख आणली. ४५ दिवस उरले की ओळ पिवळी, १५ उरले की लाल. पहिला महिना मी ही शीट सगळ्यांना दाखवत फिरलो. दुसऱ्या महिन्यात भरायचा कंटाळा यायला लागला. बाटली काढायला गच्चीवरच्या खोलीतल्या फ्रीजपाशी जायचं, एका हातात ओली बाटली, दुसऱ्या हातात शेंगदाण्याची वाटी, आणि आकडा कमी करायला मोबाईल कुठल्या हातानं धरायचा? उद्या भरू म्हणायचो. उद्या काही येत नसे.

तेव्हा कंपनीतलं बिन कार्ड आठवलं. रॅकला अडकवलेला जाड कागद, त्यावर तारीख, आवक, जावक, शिल्लक, सही. फ्रीजच्या दाराला चुंबकानं एक कार्ड लावलं, शेजारी दोऱ्यानं बॉलपेन बांधला. बाटली निघाली की एक रेघ. शीटमध्ये रविवारी सकाळी चहा घेताना चढवायचं. पाच मिनिटं लागतात. तेव्हापासून ही सवय फक्त दोनदा मोडली, दोन्ही वेळा लग्नसराईत. शीट एकटी टिकली नसती, कार्डानं तिला जगवलं.

लातूरचे मामा आले होते. पाणी प्यायला म्हणून चुकीचा फ्रीज उघडला, मग दार लावून कार्ड नीट वाचलं. "काय रं, परमिट रूम काढलास काय?" म्हणाले. मग जरा थांबून, "नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही तुमच्या गावात, अन् हिशेब ह्याचा ठेवायलास." बोलणं खोटं नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं इथल्या मद्य कंपन्यांच्या पाण्यात कपात करायला लावली होती. लातूरच्या माणसासमोर या विषयावर शहाणपणा करू नये. मी चहा ठेवला.

आता कामाची गोष्ट. सगळ्यात उपयोगी ठरलं ते ना शीट, ना कार्ड. झाकण! बाटल्या क्रेटमध्ये किंवा खालच्या कप्प्यात उभ्या असल्या की वरून नुसती झाकणंच दिसतात. लेबल बघायला प्रत्येक बाटली उचलावी लागते. शिवाय फ्रीजमधून निघालेल्या बाटलीला घाम येतो, लेबल सुटून खाली सरकतं, आणि मानेवर मशीननं मारलेली बारीक तारीख अंगठा घासला की गेली. म्हणून बाटली घरात आली की कोरडी असतानाच झाकणावर संपवायच्या महिन्याचा आकडा लिहायचा. ऑगस्ट म्हणजे ८. साधा मार्कर सोनेरी झाकणावर पुसला जातो. मास्किंग टेप दुसऱ्याच दिवशी गळून पडली. पांढरा पेंट मार्कर मात्र बर्फाच्या पाण्यातून काढला तरी तस्सा राहतो. झाकण २६ मिलिमीटरचं, कडेला २१ दाते. मध्ये दोन आकडे आरामात मावतात. आता फ्रीज उघडला की ८, ८, ९, ११ असं एका नजरेत दिसतं आणि हात आपोआप ८ कडे जातो.

जागेचाही धडा मिळाला. जिन्याखाली मी मे महिन्यात थर्मामीटर ठेवून बघितला, ३६ अंश. तापमान दहा अंशांनी वाढलं की बिअर शिळी होण्याचा वेग किमान दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे. फ्रीज ५-६ अंशांवर असतो. तीस अंशांचा फरक म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठपट. बाटलीवरचे सहा महिने आमच्या जिन्याखाली महिनाभरातच संपत असणार. म्हणून शीटमध्ये 'फ्रीजबाहेर किती दिवस' असा एक रकाना वाढवला. शोकेसमध्ये मिरवायला ठेवलेल्या हिरव्या बाटलीचं तर विचारू नका. खिडकीतून ऊन यायचं, आणि हॉप्समधल्या (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधल्या) कडू घटकावर उजेड पडला की त्यातून गंधकाचा एक कुबट वास तयार होतो. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी अडवत नाही. आता शोकेसमध्ये फक्त रिकाम्या बाटल्या.

मेमधल्या अवकाळीत एकदा चौदा तास लाईट नव्हती. शीटला त्याचा पत्ता नाही. मी कार्डावर आडवं लिहून ठेवलं: 'लाईट नव्हती'. दार उघडलं नाही, म्हणून फार बिघडलं नसावं.

आता शीटच्या चुका. म्हणजे माझ्याच.

पहिली तारखेची. शीटची मांडणी अमेरिकी पद्धतीवर राहिली होती, महिना आधी आणि दिवस नंतर. मी ०५/०२/२०२५ लिहिलं, ५ फेब्रुवारी म्हणून. तिनं घेतलं २ मे. १८/०४ असं काही लिहिलं की तारीख रकान्यात डावीकडे चिकटायची आणि सूत्र चूक दाखवायचं. मी वैतागून तेवढी तारीख अक्षरात लिहून मोकळा व्हायचो. ती डावीकडे का चिकटतेय हे विचारायला हवं होतं. परिणाम असा की गव्हाच्या बिअरच्या सहा बाटल्या, ज्या ५ ऑगस्टला संपवायच्या, त्या शीटमध्ये २ नोव्हेंबरपर्यंत हिरव्यागार. झाकणावर आकडा लिहिताना मी बाटलीकडे न बघता शीटकडे बघून ११ लिहिला. गव्हाची बिअर ताजीच प्यावी, ती थांबत नाही. फाईलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल (कुठल्या देशाची मांडणी ते) भारत केलं की प्रश्न सुटतो. शीट बनवतानाच करा.

हे कळलं कधी, तर श्रावणात, म्हणजे हात लावायची सोय नसताना. आमच्या घरी श्रावण पाळतात. मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. त्या वर्षी २५ जुलैपासून धरलं तर थेट दसऱ्यापर्यंत फ्रीज बंदच. दोन महिन्यांवर. जगातल्या कुठल्याही ॲपला हे माहीत असणार नाही, पण आपल्याकडे ज्याच्याजवळ साठा आहे त्यानं आधी हेच मांडायला हवं. आता शीटमध्ये एक रकाना आहे: 'गटारीआधी'. जी बाटली श्रावण ते दसरा या काळात मरणार, तिथे आपोआप 'हो' येतं. जूनमध्येच ती पुढच्या ओळीत आणायची. दसऱ्याला सुटायचं म्हणालो, तर त्या वर्षी दसरा नेमका २ ऑक्टोबरला. दुकानं बंद. सकाळी सोनं वाटून झालं, आणि दुपारपासून ज्यांना वर्षभर माझी आठवण येत नाही अशा लोकांचे शुभेच्छांचे फोन. कार्डावर त्या दिवशी अकरा रेघा आहेत.

दुसरी चूक जास्त जिव्हारी लागली. मेहुणा जानेवारीत बेल्जियमहून आला. विमानतळावर माणशी दोन लिटरची सूट, म्हणून त्यानं चिमे ब्लूच्या ३३० मिलीच्या बरोबर सहा बाटल्या आणल्या, १९८० मिली. मेहुण्याचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का. ही बिअर तिथल्या स्कूर्मोंच्या मठात होते. ९ टक्क्यांची, गडद, बाटलीत यीस्ट जिवंत असतं आणि लेबलवर साल छापलेलं असतं, कारण लोक ती वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात. बाटलीवर निर्मितीची तारीख नव्हती, पुढची मुदत तेवढी होती. माझा रकाना मात्र निर्मितीची तारीखच मागत होता. मी आणल्याची तारीख टाकली. सूत्रानं इमानदारीत सहा महिने मोजले आणि जुलैत ती ओळ लाल केली. कार्डावर मी लाल ओळींचा लाल ठिपका मारतो.

त्या वर्षी अमावस्या गुरुवारी आली, म्हणून आम्ही गटारी बुधवारीच उरकली. सुक्कं मटण, बाजरीची भाकरी, ठेचा. मी खाली कांदा चिरत होतो. मित्र वर गेला, लाल ठिपके बघितले आणि दोन बाटल्या स्टीलच्या ग्लासात ओतून मोकळा. तळाचा गाळसुद्धा हलवून. वर गेलो तर म्हणाला, "एक्स्पायर व्हायली होती, वाया कशाला घालवायची? पण उतरली होती बरं का, कडवट गोड लागली." त्याला काय बोलणार? माझ्याच पद्धतीनं तो वागला होता.

त्यानंतर सूत्र बदललं. आता 'मुदत' हा रकाना स्वतंत्र आहे. छापलेली मुदत असेल तर तीच धरायची, नसेल तरच सहा महिने. आणि 'मुरवायची' असा एक शिक्का आहे, तो असला की ओळ कधीच लाल होत नाही, निळी राहते. अशी ओळ सध्या एकच आहे.

ज्यांच्याकडे एका वेळी पाच-सहा बाटल्या असतात त्यांनी यातलं काही करू नये, फक्त झाकणावर आकडा लिहावा. दहाच्या वर गेलात तर कार्ड. वीसच्या वर गेलात आणि वेगवेगळ्या प्रकारच्या असतील तरच शीट. सगळ्याचा खर्च म्हटला तर एक पेंट मार्कर आणि एक चुंबक. कार्ड कंपनीतलंच आहे, फाटका कोपरा म्हणून टाकून दिलेलं. फेब्रुवारीत ९ गेल्या होत्या, नंतरच्या दहा महिन्यांत तारखेच्या घोळातल्या सहाच. त्यातल्या चार ओतून दिल्या, दोन बायकोनं मटण मुरवायला वापरल्या आणि त्या चांगल्या लागल्या.

परवाच्या रविवारी मोजणी केली. शीटमध्ये १९, कार्डावर १९, फ्रीजमध्ये १८. चिमे चार होत्या, चारच आहेत, आधी तेच बघितलं. कमी असलेली साधी ६५० मिलीची, झाकणावर १२. शुक्रवारी मामा मुक्कामी होते. कार्डावर सही करायला सांगायला हवं होतं.